एम मोड शोभेला दिलेला नाही: ऑटोमॅटिकवाल्यांनो, घाटात या चुका टाळा

हल्ली ज्याच्या त्याच्याकडे ऑटोमॅटिक गाडी झालीये. 2014 ला मारुतीच्या सेलेरिओमध्ये एएमटी (मॅन्युअलचाच गिअरबॉक्स, पण क्लच आणि गिअर मोटर हलवते) आली आणि ऑटोमॅटिक ही फक्त मोठ्या लोकांची चैन राहिली नाही, चांगलं झालं. पण गाडी घेतल्यावर बहुतेक जण डी (ड्राइव्ह, गिअर गाडीच बदलते) टाकतात आणि मग गाडी विकेपर्यंत लिव्हर दुसरीकडे हलवतच नाहीत. बाकीचे जे हलवतात ते हायवेला रेसिंग करायला. जिथे एम मोड (मॅन्युअल, लिव्हरच्या प्लस-मायनसने गिअर आपण वर-खाली करायचा) खरा लागतो, म्हणजे घाट उतरताना, तिथे दोघंही ब्रेकवर उभे.

सगळ्यात मोठी चूक हीच, अख्खा घाट डी मध्ये उतरणं. उतारावर तुम्ही ॲक्सिलरेटर सोडला की गाडीच्या कॉम्प्युटरला वाटतं हा निवांत चाललाय, मग तो वरचा गिअर टाकतो, इंजिन गाडीला धरत नाही आणि सगळा लोड ब्रेकवर. काही गाड्या उतार ओळखून स्वतःच गिअर खाली घेतात, पण तुमची घेते का हे आधी सपाटीवरच्या छोट्या उतारावर बघा, आंबेनळी घाटात नको.

आंबेनळी म्हणायचं कारण आमचे भावजी. महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरत होतो, गाडीत सहा माणसं, डिकी भरलेली, भावजी डी मध्ये आणि पाय कायम ब्रेकवर. मी दोनदा म्हटलं, भावजी एम ला घ्या, सेकंड टाका. तर म्हणाले "अरे ऑटोमॅटिक कशाला घेतली मग?" वाडा कुंभरोशीच्या अलीकडे जळका वास यायला लागला, ताईला वाटलं बाहेर कोणीतरी टायर जाळतंय. पुढच्या वळणावर भावजींनी ब्रेक दाबला तर पेडल मऊ, स्पंजसारखं, पाय खाली जातोय आणि गाडी पाहिजे तेवढी कमी होईना. तेव्हा मात्र मी ओरडलोच, एम ला घ्या आणि एकेक मायनस करा, हँडब्रेक हळूहळू ओढा. चौथ्यावरून तिसरा, दुसरा, इंजिन बोंबललं पण गाडीने धरलं. बाजूला घेतली तेव्हा पुढच्या डाव्या चाकातून धूर येत होता. टपरीवाला बिचारा बादली घेऊन धावत आला, त्याला अडवलं. लाल तापलेल्या डिस्कवर गार पाणी टाकलं की डिस्क वाकते नाहीतर तडकते, ती आपोआपच गार होऊ द्यायची. अर्धा तास चहा पीत बसलो. ब्रेक ऑइल जुनं असेल तर त्यात पाणी ओढलेलं असतं, ते कमी तापमानाला उकळतं आणि पेडल असं मऊ पडतं, म्हणून बदलायच्या टायमाला ते बदला, टॉपअप करून भागवू नका.

माझी सवय सांगतो, एसटीच्या ड्रायव्हर लोकांची जुनी रीत आहे, ज्या गिअरला घाट चढेल त्याच गिअरला उतरायचा. उतार सुरू व्हायच्या आधीच एम ला घ्यायचं, सेकंड किंवा थर्ड, आणि ब्रेक फक्त वळणाआधी, दाबायचा आणि पूर्ण सोडायचा. आरपीएमचा काटा तीन-साडेतीन हजारावर गेला की लोक घाबरतात, "इंजिन खराब होईल". नाही होत. ॲक्सिलरेटर सोडलेला असताना इंजेक्टर बंदच असतात, उलट न्यूट्रलला इंजिन चालू ठेवायला पेट्रोल जातं. पुण्यात नवले पुलाच्या उतारावर ट्रकवाले न्यूट्रल टाकतात म्हणून आपण शिव्या घालतो आणि स्वतः मायलेजसाठी तेच करतो, हे मला काही पटत नाही.

दुसरी चूक एएमटी आणि ड्राय क्लचच्या डीसीटीवाल्यांची (डीसीटी म्हणजे दोन क्लचवाली ऑटोमॅटिक). खंबाटकी घाटात शनिवारी जाम लागलेला असतो, चढ आहे, आणि एम ला फर्स्ट टाकून ॲक्सिलरेटर हलका दाबून गाडी जागेवर धरून ठेवतात. ब्रेकला पाय लावायचा नाही म्हणजे मोठं कौशल्य. अहो आत क्लचप्लेट आहे तीच मॅन्युअल गाडीतली, फक्त तुमच्या पायाऐवजी मोटर दाबते, आणि तुम्ही ती हाफ क्लचवर घासताय. वास आला, वॉर्निंग आली की गाडी उभी करा, नाहीतर नवीन क्लचचं बिल बघून तुम्हीच उभे राहाल. हिल होल्ड (चढावर गाडी मागे जाऊ न देणारी सोय) असलं तरी दोन-तीन सेकंदच धरतं. थांबलात की ब्रेक, पुढची गाडी चार-पाच गाड्यांएवढी सरकली की मग हला. मागचा हॉर्न मारेल, मारू दे.

ओव्हरटेकला आधी गिअर खाली, मग बाहेर. लोक उलटं करतात, बाहेर निघतात, ॲक्सिलरेटर फुल्ल दाबतात आणि मग मायनस मायनस मायनस, एएमटी बिचारी मध्येच दम खाते आणि समोरून टँकर.

स्पीड जास्त असताना मायनस केलं आणि गाडीने ऐकलं नाही तर ती बिघडलेली नाही, तुम्हाला वाचवतेय. आधी ब्रेकने स्पीड कमी करा.

प्लस पुढे की मागे हे प्रत्येक गाडीत वेगळं, मित्राची गाडी घेतली की लिव्हरवर बघून घ्या.

सीव्हीटीत (बेल्ट-पुलीवाली ऑटोमॅटिक) खरे गिअर नसतातच, पण एल (लो) किंवा एस (स्पोर्ट) दिलं असेल तर उताराला तेच वापरा.

आणि एएमटीला बऱ्याचदा पी (पार्किंग) नसतो, त्यामुळे चढावर पार्क करताना न्यूट्रलला सोडून जाऊ नका. ब्रेक दाबून ठेवा, हँडब्रेक ओढा, एम ला फर्स्ट दिसला की मग चावी काढा.