धडपडणाऱ्या पाळीव पक्ष्याला घरात सुखरूप उडू कसे द्यावे

पक्षी म्हटला की त्याला सफाईने उडता येणारच, हा समज पक्षी घरी येईपर्यंतच टिकतो. आमच्याकडचा कॉकटील, म्हणजे डोक्यावर तुरा असलेला छोटा पोपट, पहिल्यांदा पिंजऱ्याबाहेर पडला, तेव्हा त्याने खोलीला दोन उत्तम फेऱ्या मारल्या, मग पडद्याच्या दांडीवर बसायला गेला, दांडी हुकली, आणि पडद्यात नखे अडकवत तो घसरत घसरत थेट जमिनीवर आला. उडण्यात त्याचे काहीच चुकले नव्हते. चुकले ते उतरण्यात. पुढच्या काही महिन्यांत त्याची धडपड पाहताना हेच पुन्हा पुन्हा दिसले, आणि म्हणून इथल्या बहुतेक सूचना पक्ष्याचे उडणे थांबवण्याच्या नसून त्याचे उतरणे सोपे करण्याच्या आहेत.

उतरताना पक्ष्याला एकाच क्षणी बरेच काही साधावे लागते. शेपूट पसरून वेग कमी करायचा, अंग उभे करायचे, पाय पुढे काढायचे आणि दांडी नेमकी पंजात आली की पंख मिटायचे. रानातले पिल्लू घरटे सोडल्यावर फांद्याफांद्यांवर आपटत, लोंबकळत हे शिकते. पाळीव पिल्लाचे पंख नेमके त्याच वयात कापले गेले, तर शिकण्याचा तो काळ वाया जातो; नंतर पिसे पूर्ण उगवतात, पण सराव शून्य असतो. त्यातही वर चढण्यापेक्षा खाली येणे कठीण, त्यामुळे असा पक्षी कपाटावर सहज जाऊन बसतो आणि तिथून खाली यायचे कसे हे न कळून ओरडत राहतो.

आधी कारण शोधा

खोलीची तयारी करण्यापूर्वी पक्ष्याकडे नीट पाहावे. त्याला हातावर घेऊन, जमल्यास कुणाची तरी मदत घेऊन, एकेक पंख अलगद उघडावा. पोपटाच्या जातीच्या पक्ष्यांना प्रत्येक पंखाच्या टोकाकडे उड्डाणाची दहा मोठी पिसे असतात. दोन्ही बाजूंची पिसे सारखी आहेत का, एखाद्या बाजूची कापलेली किंवा तुटलेली आहेत का, शेपटीची लांब पिसे शाबूत आहेत का, हे तपासावे. एकाच बाजूची पिसे कमी असली, तर पक्षी उडताना सतत एका अंगाला झुकतो आणि शेपूट झडलेली असली, तर त्याला वेग आवरता येत नाही. कापलेले पीस वाढत नाही. ते झडून त्याच्या जागी नवे येईपर्यंत थांबावे लागते. नवे पीस लवकर यावे म्हणून जुने उपटण्याचा उद्योग घरी कधीही करू नये.

दुसरी गोष्ट वजनाची. ग्रॅममध्ये मोजणारा छोटा काटा पक्षी पाळणाऱ्या प्रत्येक घरात असावा. बजरीगर हा चिमुकला पोपट साधारण ३० ते ४० ग्रॅमचा आणि कॉकटील ८० ते १०० ग्रॅमच्या आसपास असतो, पण या आकड्यांपेक्षा आपल्याच पक्ष्याच्या दर आठवड्याच्या नोंदी अधिक उपयोगी पडतात. छातीच्या मधोमध असलेले उभे हाड बोटाला हलकेच जाणवले पाहिजे. ते मांसात पूर्ण बुडाले असेल, तर पक्षी जड झाला आहे, आणि सुरीच्या पातीसारखे टोचत असेल, तर त्याच्या छातीत उडण्यापुरते स्नायूच उरलेले नाहीत.

मात्र एक फरक कटाक्षाने लक्षात ठेवावा. सुरुवातीपासून धडपडणारा पक्षी आणि काल नीट उडत असताना आज अचानक पडू लागलेला पक्षी, ही दोन वेगळी प्रकरणे आहेत. अचानक तोल जाणे हे बहुधा आजाराचे लक्षण असते. पडद्याच्या कडेतली शिशाची वजने किंवा जस्ताचा मुलामा दिलेली तार कुरतडल्याने झालेली विषबाधा, मादीच्या पोटात अडकलेले अंडे, डोळ्याचा विकार, यांपैकी काहीही त्यामागे असू शकते. अशा वेळी सराव वगैरे बाजूला ठेवून पक्ष्यांची माहिती असलेल्या पशुवैद्यांकडे त्याच दिवशी जावे.

खोली

संपूर्ण घर सुरक्षित करण्याच्या फंदात पडू नये. एक खोली निवडावी आणि तीच नीट करावी.

पहिला क्रमांक छताच्या पंख्याचा. बटण बंद केल्यावरही पाती काही काळ फिरत राहतात, म्हणून ती पूर्ण थांबल्यावरच पिंजऱ्याचे दार उघडावे. याहून फसवा धोका थांबलेल्या पंख्याचा आहे. उंच आणि मोकळी जागा म्हणून पक्षी पात्यावर जाऊन बसतो, आणि खोलीत आलेला माणूस सवयीने बटण दाबतो. आम्ही त्या बटणावर चिकटपट्टीच लावून ठेवली आहे. दिसायला ते बरे दिसत नाही, पण सवय माणसाच्या बोटांत असते आणि बोटे विचार करत नाहीत.

नंतर काच. पोपटांचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने त्यांना आजूबाजूचे फार विस्तृत दिसते, पण समोरच्या पारदर्शक काचेपुढे त्याचा काही उपयोग होत नाही. पलीकडे आकाश दिसते आणि पक्षी त्या दिशेने झेपावतो. सुरुवातीचे काही आठवडे पडदे ओढून ठेवावेत किंवा काचेवर ओल्या साबणाने जवळजवळ रेघा माराव्यात. दरम्यान पक्ष्याला हातावर घेऊन रोज काचेपाशी न्यावे आणि चोचीने काच ठोठावू द्यावी. इथे काहीतरी टणक आहे हे एकदा त्याला उमगले, की पडदे रोज थोडेथोडे उघडता येतात. मोठ्या आरशाच्या बाबतीतही हेच करावे. खिडक्या अर्थातच बंद हव्यात, कारण घाबरलेला पक्षी फटीतून क्षणात बाहेर जातो, आणि ज्याला कपाटावरून उतरता येत नाही त्याला झाडावरून उतरता येण्याची शक्यता कमीच.

उघडे पाणी हा धडपड्या पक्ष्याचा मोठा शत्रू आहे. कमोडचे झाकण, बादली, माशांची टाकी यांच्याकडे आपले लक्ष जाते, पण टेबलावरच्या उंच पेल्याकडे जात नाही. त्यात डोक्यावर पडलेल्या लहान पक्ष्याला उलटे फिरायला जागाच नसते. स्वयंपाकघर तर पूर्णपणे वर्ज्य ठेवावे. तिथे आच आणि उकळते भांडे आहेच, शिवाय न चिकटणाऱ्या तव्यांवर टेफ्लॉनचा जो थर असतो, तो अति तापल्यावर निघणारा वायू पक्ष्यांच्या फुप्फुसांना काही मिनिटांत निकामी करू शकतो. हा वायू शेजारच्या खोलीतही पोहोचतो, त्यामुळे पक्षी असलेल्या घरात अशी भांडी नसलेलीच बरी.

दाराची वरची कड पक्ष्यांना फार आवडते, आणि दार लावले की तीच कड त्याच्या पायांवर बसते. दाराच्या माथ्यावर जाड फडक्याची घडी अडकवून ठेवली, तर दार पूर्ण लागतच नाही. कपाट आणि भिंत यांच्यातल्या अरुंद फटी गुंडाळलेल्या कापडाने बुजवाव्यात, कारण भिंतीवर आपटलेला पक्षी नेमका तिथे घसरतो. धडपड्या पक्ष्याचा बराच वेळ जमिनीवर जातो, म्हणून तो बाहेर असताना घरातल्यांनी पाय उचलून टाकण्याऐवजी सरकवत चालावे आणि बसण्यापूर्वी खुर्ची पाहावी. मांजर किंवा कुत्रा कितीही प्रेमळ असला, तरी त्या वेळेत तो दुसऱ्या खोलीत असावा. मांजराच्या लाळेतले जिवाणू पक्ष्यासाठी प्राणघातक ठरू शकतात. नुसता ओरखडा दिसला तरी त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे लागते.

उतरायच्या जागा

इथे मात्र हात सैल सोडून मेहनत घ्यावी. रिकाम्या खोलीत पक्ष्याला बसण्यासारखे काहीच दिसले नाही, तर तो थकेपर्यंत घिरट्या घालतो आणि शेवटी जिथे पडेल तिथे पडतो. खोलीत निदान तीन ठिकाणी पक्ष्याच्या हक्काच्या दांड्या असाव्यात, आणि त्या माणसाच्या छातीच्या उंचीपेक्षा वर नसाव्यात. उंच दांडी म्हणजे उतरण्याचा कठीण उतार आणि पडल्यास अधिक मार. दांडीसमोर निदान हातभर जागा मोकळी ठेवावी. झोपाळा किंवा लोंबती दोरी शिकाऊ पक्ष्याला चकवते, म्हणून ती नंतरसाठी राखून दांडी पक्की बसवावी.

दुकानी पिंजऱ्यांसोबत येणाऱ्या गुळगुळीत गोल काठ्या मला मुळीच पसंत नाहीत. साल असलेली, कमीअधिक जाडीची फांदी किंवा घट्ट वळलेल्या सुती दोराची दांडी पंजाला चांगली पकड देते. पंज्याने दांडीचा दोनतृतीयांशाहून थोडा अधिक घेर वेढला, तर जाडी योग्य समजावी. दोराचे धागे सुटू लागले, की त्यात नख अडकण्यापूर्वी दांडी बदलावी. भिंतीहून वेगळ्या रंगाची दांडी दुरून ओळखू येते. नखे सराव सुरू करण्याच्या आदल्या दिवशी कापू नयेत, कारण पकड त्यांच्यावरही अवलंबून असते. प्रत्येक दांडीखाली दुमडलेली गोधडी किंवा जाड सतरंजी पसरावी. गुळगुळीत फरशीवर पडलेल्या पक्ष्याचे पाय दोन्हीकडे फाकतात. आणि एकदा मांडलेली खोली उगाच बदलू नये. पक्षी खोली पाठ करतो, आणि काल जिथे खुर्ची होती तिथे आज ती नसली, की त्याची गणिते चुकतात.

सराव

सराव दिवसाउजेडी, खाण्याच्या वेळेच्या थोडा आधी घ्यावा, म्हणजे बक्षीस म्हणून दिलेल्या राळ्याच्या कणसाचे मोल वाढते. मात्र त्यासाठी पक्ष्याला उपाशी ठेवू नये. प्रथम दांडीवरून हातावर नुसते पाऊल टाकू द्यावे. ते सहज जमले, की हात वीतभर दूर धरावा, म्हणजे त्याला छोटी उडी मारावी लागेल; मग फूटभर, मग दोन फूट. प्रत्येक वेळी 'ये' असा एकच शब्द वापरावा आणि हातावर बसताच दाणे द्यावेत. एका बैठकीत पाचसहा उड्डाणे पुरेत. चोच उघडी राहू लागली किंवा पंख अंगापासून सुटे धरलेले दिसले, की त्याआधीच थांबायला हवे होते असे समजावे.

या सरावात माणसाची एक चूक हमखास होते. पक्षी येत असताना आपण त्याला झेलायला हात पुढे नेतो. त्याने मात्र उड्डाण सुरू करतानाच हाताचे अंतर जोखलेले असते, आणि हात चार बोटे सरकला तरी त्याचे पाय हवेत पडतात. मी स्वतः कोपर टेबलाला टेकवून ठेवू लागलो, तेव्हा आमच्या कॉकटीलचे हुकणे एका आठवड्यात निम्म्यावर आले. तो शिकला असे मला वाटत होते. खरे तर मी शिकलो होतो.

सरळ उड्डाण पक्के झाल्यावर उतार शिकवावा. पक्ष्याला खुर्चीच्या पाठीवर ठेवून हात तिच्यापेक्षा चार बोटे खाली धरावा आणि काही दिवसांनी आणखी थोडा. वळणे शिकवण्यासाठी आपण किंचित बाजूला उभे राहावे. पक्षी उडत नाही म्हणून त्याला हवेत फेकणे किंवा हात झटकणे हा शुद्ध अविचार आहे. पडला, तर किंचाळू नये. शांतपणे हात पुढे करावा.

पंख कापले की प्रश्न मिटला, असा सल्ला वारंवार दिला जातो. धडपड्या पक्ष्याच्या बाबतीत तो मला उलटा वाटतो. फार कापलेला पक्षी उडत नाही, पण पडताना त्याला वेगही आवरता येत नाही, आणि तो छातीच्या हाडावर आदळून तिथली कातडी फाटू शकते. ज्या घराचे दार दिवसभर उघडे असते, तिथे डॉक्टरांकडून दोन्ही बाजूंनी सारखी आणि अगदी थोडी छाटणी करून घेणे समजू शकतो. मग दांड्या आणखी खाली आणाव्यात.

पिंजऱ्यातली रात्रही विसरू नये. कॉकटील अंधारात दचकून पिंजऱ्यातच फडफडतात आणि पिसे मोडून घेतात. जवळ मंद दिवा ठेवावा आणि फडफड ऐकू आली, तर उजेड करून नुसते बोलावे. आत हात घालू नये.

आपटलाच तर

पक्षी जोरात आदळून सुन्न बसला, तर त्याला मुठीत आवळू नये. पक्ष्यांना आपल्यासारखा श्वासपटल नसतो. छाती पुढेमागे हलवूनच ते श्वास घेतात, त्यामुळे छाती दाबली की श्वास थांबतो. भोके पाडलेल्या खोक्यात मऊ कापड घालून त्याला अंधाऱ्या, शांत जागी ठेवावे. ऊब हवी, पण डोक्याला मार असेल तर गरम पिशवी नको. चोचीत पाणी घालू नये, ते श्वासनळीत जाऊ शकते. मान कलली, पंख लोंबला, दोन्ही बाहुल्या असमान दिसल्या किंवा श्वासागणिक शेपूट वरखाली होऊ लागली, तर वाट पाहू नये.

नव्याने उगवणाऱ्या पिसाच्या देठात रक्त वाहते, आणि ते मोडले तर रक्त ठिबकत राहते. पक्ष्याच्या शरीरात वजनाच्या सुमारे एकदशांश रक्त असते, म्हणजे ९० ग्रॅमच्या कॉकटीलमध्ये जेमतेम ९ मिलिलिटर. म्हणून काही थेंबही किरकोळ मानू नयेत. मोडल्या जागी कॉर्नफ्लोअर लावून बोटांच्या चिमटीत दोन-तीन मिनिटे हलके दाबून धरावे आणि रक्त थांबले नाही, तर तसेच धरून दवाखाना गाठावा.

बरा झालेला पक्षी पहिल्याच दिवशी पूर्वीच्या उंचीवर सोडू नये. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर काट्यावर वजन पाहावे, पंख दोन्ही बाजूंनी सारखा उघडतो का ते पाहावे, आणि पुन्हा त्या वीतभर उडीपासून सुरुवात करावी.