टाच धरलीत की फसलात

डायनोसॉरच्या ठशांवर मास्टर्सचा प्रबंध करायला टेक्सासला येत असाल, तर ग्लेन रोजला जालच. तिथली पलक्सी नदी, साधारण ११.३ कोटी वर्षांपूर्वीचा किनाऱ्यावरचा चुनखडीचा चिखल, वरचे मऊ थर नदीने खरवडून काढले आणि खालचा ठसे असलेला टणक थर उघडा पडला, हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे. मला सांगायचंय ते माझ्या मोजायच्या टेपबद्दल.

माझं भूशास्त्राचं बीएस्सी पुण्यात. म्हणजे तीन वर्षं काळा कातळ. चिखलात पाय रुतला की काय होतं हे मी पावसाळ्यात चप्पल अडकण्यापलीकडे कधी पाहिलं नव्हतं. पहिल्याच ऑगस्टमध्ये नदी आटलेली, पात्रात लांबट ठशांची रांग. टेप लावला, ७० सेंटिमीटर. आकडा वहीत, वहीतून सीनियरने दिलेल्या एक्सेल शीटमध्ये. शीटमध्ये सगळं आयतं: ठशाची लांबी गुणिले चार म्हणजे कमरेची उंची, मग ती उंची आणि ढांग घालून प्राणिशास्त्रज्ञ अलेक्झांडर यांचं १९७६चं वेगाचं सूत्र. (ढांग म्हणजे डाव्या पायापासून पुन्हा डाव्याच पायापर्यंत. इथेही दरवर्षी कोणीतरी घसरतं.) ढांग २.६ मीटर. उत्तर आलं: उंची २.८ मीटर, वेग ताशी ४.२ किलोमीटर. एवढा मोठा शिकारी प्राणी, आणि चाल सारसबागेत फेरी मारणाऱ्या आजोबांची. मला जराही शंका आली नाही. चार महिने.

आता नीट वाचा. हा शिकारी डायनोसॉर बोटांवर चालतो. तळपायाची लांब हाडं एरवी अधांतरी असतात. पण कधी तो दबकून चालला, कधी चिखल फार मऊ असला, की ती हाडंही टेकतात आणि ठशाला मागे लांबलचक ‘टाच’ फुटते. ती पावलाची लांबी नाही. त्यात बोटांच्या खाचा चिखल ढासळून किंवा नंतरच्या गाळाने बुजतात. उरतो बिनबोटांचा, माणसाच्या पावलासारखा खड्डा. याच खड्ड्यांना लोक राक्षसी माणसांचे ठसे समजायचे. १९३०च्या दशकातल्या मंदीत तर काहींनी असे ठसे दगडात कोरून विकले. १९८०च्या दशकात या ठशांचे अभ्यासक ग्लेन क्यूबन यांनी दाखवलं की बोटांच्या जागी भरलेल्या गाळाचा रंग आजूबाजूच्या दगडाहून वेगळा आहे.

हे मी वाचलेलं होतं हो! परीक्षेत लिहिलंही होतं. पण माझ्या रांगेतले ठसे माणसासारखे दिसत नव्हते, नुसते लांब होते, म्हणून डोक्यात दिवा पेटला नाही. त्याच रांगेत पुढे दोन स्वच्छ तीन बोटांचे ठसे होते, ४५ सेंटिमीटरचे. ते मी ‘अपूर्ण’ म्हणून वगळले होते. वगळले! ४५ धरले की उंची १.८ मीटर आणि वेग ताशी ७ किलोमीटर.

चूक दाखवली ती गाइडने नाही, त्यांचं ईमेलवर ‘छान चाललंय’ सुरू होतं. दाखवली खराटा घेऊन नदीत उतरलेल्या एका म्हाताऱ्या स्वयंसेवकाने. त्याने ठसा झाडला, बादलीभर पाणी ओतलं आणि म्हणाला, आता उभं राहून बघ. करड्या दगडात तीन गंजकट बोटं. गाइड मोठ्या नावाचा हवा म्हणतात. मी म्हणेन, पँट दुमडणारा हवा. आणि सीनियरची शीट घ्या, पण सूत्रं पुसून स्वतः पुन्हा भरा. मोबाइलच्या थ्रीडी ॲपचंही तेच, ते खड्डा मोजतं, पाऊल ओळखत नाही.

घाबरू नका मात्र. जीवाश्म शोधणारे रोलंड बर्ड १९३८मध्ये इथे आले तेच मुळी असे खोटे कोरीव ठसे विकायला ठेवलेले पाहून. ठसे खोटे होते हे त्यांनी ओळखलं, तरी त्यांचा माग काढत ते पलक्सीला पोचले आणि लांब मानेच्या अजस्र शाकाहारी डायनोसॉरची ठशांची रांगच त्यांना सापडली. तिचा एक तुकडा आज न्यूयॉर्कच्या संग्रहालयात आहे. माझे तर नुसते चार महिने गेले. प्रबंध झाला, थोडा उशिरा.

हे ठसे ज्यात आहेत त्या डायनोसॉर व्हॅली उद्यानाची लेखी परवानगी आधीच मागा, तिला वेळ लागतो. मोजमाप सकाळच्या तिरक्या उन्हात करा, दुपारी सगळं सपाट दिसतं. आणि खराटा स्वतःचा न्या, तिथला एकच आहे आणि तो म्हाताऱ्याच्या हातात असतो.