गिअरबॉक्स चढवताना बेल हाउसिंगच्या या चुका टाळा

पायलट बेअरिंग (इंजिनच्या शाफ्टच्या टोकात बसून गिअरबॉक्सच्या शाफ्टला आधार देणारं) बदललं, क्लच प्लेट नवी टाकली, तरी थोड्याच दिवसांत पुन्हा तोच आवाज. मग मालक म्हणतो, बेअरिंग डुप्लिकेट होतं. अनेकदा बेअरिंगमध्ये काही खोट नसते. क्रँकचा (इंजिनच्या मुख्य शाफ्टचा) सेंटर आणि बेल हाउसिंगच्या, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधल्या घंटेसारख्या कव्हरच्या, बोअरचा (गोल भोकाचा) सेंटर जुळलेला नसतो. कंपनीतून आलेल्या जोडीत सेंटर जुळवायचं काम डॉवेल पिना (जागा पक्की धरणाऱ्या घट्ट पिना) करतात. पण इंजिन बदललेल्या गाडीत डायल गेज (बारीक फरक काट्यावर दाखवणारं मापयंत्र) लावल्याशिवाय गिअरबॉक्स चढवूच नये, असं माझं ठाम मत आहे.

डॉवेलशिवाय नुसते बोल्ट आवळणे. बोल्टचं भोक नेहमी थोडं सैल असतं. बोल्ट पकडून ठेवतो, जागा दाखवत नाही. कोल्हापुरात आमच्याकडे एक जीप आली होती. इंजिन दुसऱ्या गाडीचं, मध्ये लेथवर करून घेतलेली अडॅप्टर प्लेट. तिसरा गिअर उडायचा आणि क्लच पूर्ण दाबूनही रिव्हर्स करकरायचा. आधीच्या गॅरेजने गिअरबॉक्स खोलून गिअर बदलले होते, मापं मात्र कुणीच घेतली नव्हती. आम्ही क्लच उतरवला, फ्लायव्हीलवर (क्रँकच्या टोकाच्या जड चाकावर) गेजचा मॅग्नेटिक बेस बसवला, गेजचं टोक बोअरच्या आतल्या कडेला टेकवलं आणि क्रँक हाताने फिरवला. एका फेऱ्यात काटा ०.६० मिमी हलला. मी ०.१३ मिमीच्या वर सोडत नाही. प्लेटला एकही डॉवेल नव्हता.

बोल्ट किंचित ढिले करायचे, तांब्याच्या हातोडीने प्लेट सरकवायची, पुन्हा पूर्ण आवळून रीडिंग घ्यायचं. ढिल्या बोल्टवरचं रीडिंग मी धरतच नाही. रीडिंग जमल्यावर प्लेट आणि ब्लॉक एकत्र ड्रिल केले, रीमर मारून भोक नेमक्या मापाला आणलं, डॉवेल ठोकले. त्याच गिअरांवर ती जीप नीट चालली.

काटा जितका हलला तितकंच हाउसिंग सरकवणे. नवीन पोरं इथे हमखास फसतात. ०.६० हा दोन्ही बाजू धरून आलेला आकडा आहे, सेंटर चुकलाय तो ०.३० ने. पूर्ण ०.६० सरकवलं की तीच चूक समोरच्या बाजूला जाते. आणि दिशा? गेजचं टोक जिथे जास्त आत दाबलं जातं, तिथली भिंत जवळ आलेली असते. म्हणून हाउसिंग त्याच बाजूला न्यायचं, म्हणजे भिंत लांब जाते. मी खडूने हाउसिंगवर बाण काढतो, मगच हातोडी उचलतो. अडॅप्टर प्लेट नसेल तर ऑफसेट डॉवेल (ज्यांची दोन टोकं एका सेंटरवर नसतात असे) वापरावे.

फेसवर, म्हणजे दोन भाग एकमेकांना टेकतात त्या सपाट कडेवर, रंग, गंज, जुनं गॅस्केट. पत्र्याच्या स्क्रॅपरने आणि तेलदगडाने साफ करा. फेसला रंग लावूच नका.

फेस तपासताना क्रँक पुढेमागे होऊ देणे. क्रँक एकाच बाजूला दाबून धरा, नाहीतर एंड प्ले रीडिंगमध्ये येतो.

गेजला लांब दांडी. ती वजनाने लवते आणि खोटं दाखवते.

बोल्टने गिअरबॉक्स ओढून घेणे. याचा मला सगळ्यात राग येतो. शेवटचा एक इंच जात नाही, म्हणून पाना लावून ओढतात. मग हाउसिंगचा कान तुटतो नाहीतर क्लच प्लेटचा हब वाकतो. गिअरबॉक्स हाताने डोलवत फेसला फेस टेकला पाहिजे. टेकत नसेल तर खाली घ्या, जुना इनपुट शाफ्ट घालून क्लच प्लेट पुन्हा सेंटर करा आणि परत चढवा. तोवर गिअरबॉक्सचं वजन जॅकवरच राहू द्या, शाफ्टवर लोंबकळत सोडू नका.