मोह पडायच्या आधी पैसा हातात हवा

मी गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यात बचत गटांची दप्तरं लिहिते. आमच्याकडं मोहाची फुलं पडतात फाल्गुन-चैत्रात आणि नेमका तेव्हाच घरात पैसा नसतो. मग व्यापाऱ्याकडून उचल घ्यायची अन् फुलं त्यानं ठरवलेल्या दरानं त्यालाच घालायची. माझ्या आईनं आयुष्यभर हेच केलं. म्हणून कर्जासाठी बँकेत कधी जावं असं बाया विचारतात तेव्हा मी सांगते, दिवाळी झाली की लगेच.

आधी दप्तर बघा. गट सहा महिने चालू हवा, पण ते सहा महिने दप्तरावरून मोजतात, खातं उघडल्या तारखेवरून नाही. हे बँकेत सांगायला लाजू नका. बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशेब, ही पंचसूत्री रजिस्टरात दिसली पाहिजे. ११ बाया महिन्याला १०० रुपये टाकत असतील तर तीन वर्षांत ३९,६०० होतात. पहिल्या कर्जासाठी गटाच्या निधीच्या सहा पट मागता येतं, म्हणजे दोन लाखांच्या वर. ‘उमेद’च्या, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या गटांना ३ लाखांपर्यंत ७ टक्के व्याज आहे आणि तारण लागत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मुदत कर्ज नको, कॅश क्रेडिट मागा, म्हणजे ठरलेल्या मर्यादेत लागेल तेव्हा काढायचं अन् भरायचं खातं. मुदत कर्जाचा हप्ता दर महिन्याला येतो, जंगल दर महिन्याला देत नाही. मोह झाला की मे महिन्यात तेंदू, पावसाच्या तोंडाशी टोळी म्हणजे मोहाच्या बिया, मग पुढं भरपूर रिकामे महिने. कॅश क्रेडिटमध्ये मार्चला काढायचं, माल विकला की भरायचं, आणि जेवढे दिवस रक्कम बाहेर तेवढ्याच दिवसांचं व्याज. चांगल्या दरासाठी दोन महिने थांबता येतं ते यामुळंच.

एका बँकेत आम्हाला विचारलं, धंद्याचा पुरावा काय? आम्ही सामूहिक वनहक्काच्या पत्राची झेरॉक्स, ग्रामसभेचा ठराव आणि मागच्या हंगामाच्या विक्रीच्या पावत्या ठेवल्या. २००६ च्या वनहक्क कायद्यानं गौण वनोपजाची, म्हणजे मोह-तेंदूसारख्या मालाची मालकी आपली आहे, बांबूचीसुद्धा. आमच्याच तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावानं २००९ मध्ये तो हक्क मिळवून दाखवला.

दारावर येणाऱ्या मायक्रोफायनान्सवाल्यांकडून घ्यायचंच असेल तर आपल्या भाषेतलं माहितीपत्रक आधी मागा. २०२२ पासूनच्या रिझर्व्ह बँकेच्या नियमात कुटुंबाच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त जाऊ शकत नाहीत, आणि मुदतीआधी फेडलं तर दंड नाही.

पैसा आला की आधी झाडाखाली बांधायच्या जाळ्या घ्या. फूल मातीला लागत नाही, खालचा पाला जाळावा लागत नाही. उरलेल्यातून ताडपत्री आणि आतून प्लास्टिक लावलेली पोती.