स्तनातली गाठ: सोनोग्राफीला लेसरची जोड कशी द्यायची

कोल्हापुरात रेडिओलॉजी शिकणाऱ्या पोरापोरींनो, ऑप्टोअकॉस्टिक, म्हणजे उजेड टाकून आवाज टिपायची तपासणी, म्हटलं की घाबरू नका, हात सोनोग्राफीचाच लागतो. प्रोबमधनं, म्हणजे अंगावर टेकवायच्या यंत्राच्या मुठीतनं, लेसरचा अगदी क्षणिक झोत आत जातो, रक्तातलं हिमोग्लोबिन तो उजेड शोषून किंचित तापतं, फुगतं, त्यातनं जी ध्वनिलहर निघते ती तोच प्रोब पकडतो आणि गाठीच्या चित्रावरच रक्ताचा नकाशा उमटतो.

आधी नेहमीची सोनोग्राफी नीट करा, गाठ आडवी-उभी बघा, कडा बघा, मगच लेसर. चष्मा पेशंटला पण, तुम्हाला पण, खोलीतल्या सगळ्यांना, यात सूट नाही. गडहिंग्लजवरनं एसटीनं आलेल्या मावशी आधीच घाबरलेल्या असतात, त्यांना सांगा की, "मावशी, डोळ्यांसाठी चष्मा हाय, सुई नाही, फक्त उजेड."

खरं काम हाताचं. जेल भरपूर लावा आणि प्रोब दाबू नका, दाबलं की बारक्या नसांतलं रक्त सरकतं आणि चित्र फसवतं.

अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे औषधं-उपकरणांना मंजुरी देणाऱ्या सरकारी संस्थेनं, २०२१ मध्ये मंजूर केलेल्या इमॅजिओ मशीनमध्ये ७५७ आणि १०६४ नॅनोमीटरचे दोन लेसर असतात, पहिल्याचा उजेड ऑक्सिजन कमी असलेलं रक्त जास्त शोषतं, दुसऱ्याचा ऑक्सिजनवालं. पडद्यावर लाल म्हणजे ऑक्सिजन कमी, हिरवं म्हणजे जास्त, धमनी-शिरेचे रंग डोक्यातनं काढूनच बसा. कॅन्सरमध्ये बऱ्याचदा वेड्यावाकड्या नव्या नसा आणि लाल जास्त, म्हणून गाठीच्या आत, कडेला, बाहेर तिन्हीकडं बघा.

संशय राहिला तर बायोप्सीच, नुसत्या रंगावर भरवसा ठेवून कुणाला घरी पाठवू नका.