गाडीचा एसी गरम हवा फेकतोय? गॅस भरण्याआधी या चुका टाळा

एप्रिल उजाडला की रत्नागिरीतल्या कुठल्याही गॅरेजात एक वाक्य हमखास ऐकू येतं: "एसी थंड करत नाही, जरा गॅस भरून द्या." सर्वांत महागात पडणारी चूक हीच. एसीचा गॅस म्हणजे पेट्रोल नव्हे. तो जळत नाही, संपत नाही. बंद नळ्यांतून तोच तो फिरत राहतो. लहान गाडीत तो साधारण ३५० ते ५०० ग्रॅम असतो. रबरी नळ्यांतून वर्षानुवर्षांत थोडासा झिरपतो हे खरं, पण दर उन्हाळ्यात रिकामा होत असेल तर कुठेतरी गळती आहे.

हे मला उशिरा कळलं. माझी गाडी समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, माडाखाली उभी असते. सलग तीन उन्हाळे मी गॅस भरून घेतला आणि गणपतीपर्यंत पुन्हा गरम हवा. एकाही वेळी गळती शोधली गेली नाही, आणि मीही तसा आग्रह धरला नाही. चौथ्या वर्षी दुसऱ्या मेकॅनिकने बंपरच्या जाळीतून बॅटरीचा उजेड टाकला आणि गॅसची उष्णता बाहेर टाकणाऱ्या कंडेन्सरच्या खालच्या कोपऱ्यातला तेलकट काळा डाग दाखवला. गॅससोबत कॉम्प्रेसरचं, म्हणजे गॅस दाबून फिरवणाऱ्या पंपाचं, ऑईलही फिरत असतं. गॅस सुटतो तिथे ऑईल पाझरतं आणि त्यावर धूळ बसते. असा डाग दिसला की गळतीची जागा बहुतेक सापडलीच म्हणून समजा.

आपल्या किनाऱ्यावर कंडेन्सरवर आधी संशय घ्यावा, असं माझं ठाम मत आहे. तो रेडिएटरच्या पुढे, अगदी तोंडावर असतो आणि ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांचा बनलेला असतो. खारा वारा, जांभ्याची लाल धूळ आणि खालच्या कोपऱ्यात अडकलेला ओला पालापाचोळा त्याला हळूहळू खात जातात. म्हणून पंधरा दिवसांतून एकदा, इंजिन थंड असताना, साध्या नळाच्या पाण्याने तो धुवा. सर्व्हिसिंगचा जोरदार फवारा जवळून मारू नका. पाती दुमडतात, हवा जायची थांबते आणि धुतल्यावर एसी आधीपेक्षा वाईट चालतो. गाडी किनाऱ्यावर वाळूत घातली असेल, तर घरी आल्यावर त्याच दिवशी पुढची जाळी आणि गाडीचं पोट धुवायलाच हवं.

गॅरेजला जाण्याआधी हवा नेमकी कधी गरम होते ते बघा. निम्मं निदान त्यातच होतं.

गाडी पळताना थंड आणि सिग्नलला किंवा फाटकापाशी उभी राहिली की गरम, असं होत असेल तर आधी कंडेन्सरचा पंखा बघा. एसी लावून बॉनेट उघडा. पंखा फिरत नसेल तर फ्यूज, रिले, मग मोटर. सुरुवातीला छान थंड, अर्ध्या तासाने वाऱ्याचा जोरच कमी, आणि एसी थोडा वेळ बंद ठेवला की पुन्हा ठीक, ही खूण डॅशबोर्डमागच्या, हवा थंड करणाऱ्या कॉईलवर बर्फ धरल्याची. एसी फिल्टर चोंदलेला असेल किंवा कॉईलचा सेन्सर बिघडलेला असेल. पहिल्या मिनिटापासून गरमच असेल, तर एसीचं बटण दाबल्यावर कॉम्प्रेसरला इंजिनशी जोडणाऱ्या क्लचचा 'टक' आवाज येतो का ते ऐका. काही नव्या गाड्यांत असा क्लच नसतो, तिथे आवाज नाही म्हणून घाबरू नका. आणि बंद घराच्या अंगणात गाडी महिनोन् महिने उभी असेल, तर वायरी उंदराने कुरतडल्या नाहीत ना, हे आधी बघा.

आंबा किंवा कुंभार्ली घाट चढतानाच हवा गरम होत असेल, तर एसीच्या मागे लागू नका. इंजिन तापू लागलं की अनेक गाड्या कॉम्प्रेसर आपोआप बंद करतात. तापमानाचा काटा बघा, कूलंट तपासा. पण गरम रेडिएटरचं झाकण अजिबात उघडू नका.

काही वेळा तर बिघाड नसतोच. मे महिन्यातल्या दमट हवेत एसीची बरीच ताकद हवेतलं पाणी काढण्यात जाते. बाहेरची हवा आत घेणारं बटण चालू राहिलं तर तो बिचारा थकतोच. उन्हात तापलेल्या गाडीच्या काचा दोन मिनिटं उघड्या ठेवा, मग बंद करून आतलीच हवा फिरवा. गाडीखाली पाणी टपकतंय म्हणून काळजी करू नका, ते टपकायलाच हवं. ते पुढच्या सीटच्या पायाशी साचलं, तर निचऱ्याची नळी तुंबली आहे.

गळती सापडून भाग बदलला, तरी एक चूक राहतेच: व्हॅक्यूम न करता, म्हणजे नळ्यांतली हवा आणि ओल पंपाने ओढून न काढता, गॅस भरणं. लाइन उघडली की आपली दमट हवा आत शिरते. आतलं पाणी एक्स्पान्शन व्हॉल्व्हमध्ये, म्हणजे कॉईलआधीच्या अरुंद झडपेत, गोठतं आणि ऑईलही खराब करतं. म्हणून ओल शोषणारा ड्रायर नवा घाला, पंप निदान अर्धा तास चालू ठेवायला सांगा आणि पंप बंद केल्यावर गेजचा काटा जागेवर टिकतो का ते स्वतः उभं राहून बघा. नंतर गॅस वजनानेच भरायचा. बॉनेटखालच्या स्टिकरवर गॅसचा प्रकार आणि ग्रॅम लिहिलेले असतात. गॅस जास्त झाला तरी थंडावा कमीच होतो आणि कॉम्प्रेसरवर ताण येतो. स्वस्तात एलपीजी भरून देतो असं कोणी म्हणालं तर गाडी तिथून काढा. तो पेट घेणारा वायू आहे आणि कॉईल तुमच्या डॅशबोर्डमागेच असते. काम झालं की बिलावर किती ग्रॅम भरला ते लिहून घ्या. पुढच्या वर्षी हवा पुन्हा गरम झाली आणि गॅस काढून मोजला, तर किती सुटला ते त्या आकड्यावरून लगेच कळेल.