कूपरस्टाउनच्या मतपत्रावर खूण करण्याआधी

डिसेंबर लागला की आमच्या शाळेतल्या सॉफ्टबॉलच्या मुलींना मी एक कागद देते. अमेरिकेत कूपरस्टाउनला बेसबॉलच्या थोर खेळाडूंचा सन्मान करणारं हॉल ऑफ फेम आहे. त्यासाठी त्या वर्षी उभ्या असलेल्या खेळाडूंची नावं त्यावर असतात. मतदान खरं तिकडचे पत्रकार करतात, आम्ही इथे आमचं करतो. दारव्हा तालुक्यातल्या कोरडवाहू गावच्या पोरींना न्यूयॉर्क राज्यातल्या कूपरस्टाउनशी काय घेणंदेणं, असं लोक विचारतात. ज्या मुलीला दुसऱ्याचा खेळ नीट तोलता येतो, तिला स्वतःचाही तोलता येतो. आणि उद्या जिल्ह्याचा संघ निवडताना तिला डावललं, तर कशाच्या आधारावर हे ती विचारू शकते. खाली लिहिलेली पद्धत मी मुलींना शिकवते तीच आहे. तुमच्या शाळेत सॉफ्टबॉल किंवा बेसबॉल असेल तर तुम्हीही वापरून पाहा.

आधी नियम. मत देणारे बेसबॉल रायटर्स असोसिएशनचे सलग दहा वर्षं सभासद राहिलेले असावे लागतात. खेळाडू किमान दहा हंगाम खेळलेला आणि निवृत्तीला पाच वर्षं झालेला हवा. एका मतपत्रावर जास्तीत जास्त दहा खुणा करता येतात. ७५ टक्के मतं मिळाली की निवड होते. ५ टक्क्यांच्या खाली गेलेलं नाव यादीतून उतरतं, बाकीच्यांना दहा वर्षांची मुदत. २०१४ पर्यंत ती पंधरा वर्षांची होती. कोरं मतपत्र पाठवलं तरी ते एकूण मतांत धरतात, म्हणजे कोरा कागद हे यादीतल्या प्रत्येकाच्या विरोधातलं मत असतं. निकष सहा आहेत: रेकॉर्ड, कौशल्य, सचोटी, खिलाडूवृत्ती, चारित्र्य आणि संघासाठी केलेलं काम. एखाद्या हंगामातली ०.४०० ची सरासरी (दहा प्रयत्नांत चार हिट) किंवा एखादा परफेक्ट गेम (पिचरने एकाही बॅटरला बेसवर पोचू न देता जिंकलेला सामना), एवढ्यावर कोणालाही आपोआप प्रवेश नाही, हेही नियमातच आहे.

आता कामाला लागू. कागद हातात पडला की मुली सगळ्यात मोठा आकडा शोधतात. ३००० हिट (बॉल मारून बेस, म्हणजे धावण्याच्या वाटेवरचा थांबा, गाठणं), ५०० होम रन, पिचर म्हणजे बॉल टाकणारा असेल तर ३०० विजय. हे आकडे कागदाच्या मागच्या बाजूला लिहा आणि सुरुवातीला कागद उलटू नका. पिचरच्या विजयांवर तर माझा अजिबात भरवसा नाही. रँडी जॉन्सनने २००९ मध्ये तीनशेवा विजय मिळवला, त्यानंतर तिथपर्यंत कोणी गेलेलं नाही, कारण आता सुरुवातीचा पिचर पूर्वीइतक्या इनिंग टाकतच नाही. सीसी सबाथिया २५१ विजयांवर २०२५ मध्ये पहिल्याच वर्षी निवडून आला, ते योग्यच झालं. शिवाय विजय एकट्या पिचरचा नसतो. फेलिक्स हर्नांडेझला २०१० मध्ये साय यंग हा सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार मिळाला तेव्हा त्याचे विजय १३ आणि पराभव १२ होते. त्याने दर नऊ इनिंगला सव्वादोनच्या आसपास रन दिले होते, पण त्याच्या सिएटल संघाला बॅटिंगच जमत नव्हती. आपल्याकडेही चांगली पिचर असलेला संघ बॅटिंग कोसळली म्हणून हरतो आणि स्कोअरशीटवर नाव त्या पिचरचंच लागतं.

बॅटरच्या बाबतीत हिट मोजण्याआधी ती किंवा तो बेसवर किती वेळा पोचला ते मोजा. या एका मुद्द्यावर मी मुलींचा अख्खा तास घेते. टोनी ग्विनचे ३१४१ हिट. २००७ मध्ये पहिल्याच वर्षी ९७.६ टक्के मतांनी आत गेला. टिम रेन्सचे हिट २६०५, त्याला दहाव्या म्हणजे शेवटच्या वर्षापर्यंत, २०१७ पर्यंत ताटकळावं लागलं. आता दोघांचे वॉक, म्हणजे चार चुकीच्या बॉलवर न मारता मिळालेले बेस, आणि अंगावर बॉल लागून मिळालेले बेस त्यात मिळवा. ग्विन ३९५५ वेळा बेसवर पोचला, रेन्स ३९७७ वेळा. वर रेन्सने ८०८ बेस चोरले, म्हणजे कोणी बॉल मारण्याची वाट न बघता पळून गाठले. ही बेरीज मी फळ्यावर करून दाखवली तेव्हा नववीतली एक मुलगी म्हणाली, "मॅडम, मंग याले दहा वर्सं काहून लटकवलं?" याचं उत्तर सरळ आहे. वॉक कोणाच्या नजरेत भरत नाही. हिटला टाळ्या पडतात, वॉकला पडत नाहीत. मत देणारा टाळ्यांचा हिशेब ठेवत बसला की असं होतं. आमच्या संघात संयम ठेवून वॉक काढणारी मुलगी असते, तिचं नाव मी तेव्हापासून मोठ्याने घेते.

यानंतर सगळ्यात महत्त्वाचं काम: प्रत्येक आकड्याच्या बाजूला साल आणि मैदान लिहा. अमेरिकेतल्या सर्वोच्च स्पर्धेचे, मेजर लीगचे, नॅशनल आणि अमेरिकन असे दोन भाग आहेत. १९३० मध्ये नॅशनल लीगमधल्या सगळ्या बॅटरांची मिळून सरासरी ०.३०३ होती. १९६८ मध्ये अमेरिकन लीगमधला पहिल्या नंबरचा बॅटर कार्ल यस्ट्रेम्स्की, त्याची सरासरी ०.३०१. म्हणजे एका काळात सामान्य बॅटरला जे जमत होतं ते दुसऱ्या काळात सर्वोत्तमालाही जड गेलं. १९६८ मध्ये पिचरांचंच राज्य होतं, बॉब गिब्सनने दर नऊ इनिंगला १.१२ रन दिले, आणि पुढच्या वर्षी पिचरचा उंचवटा १५ इंचांवरून १० इंचांवर आणावा लागला. ओलिताच्या शेतात एकरी दहा क्विंटल कापूस आणि कोरडवाहूत सहा, असं सांगितलं तर आमच्या गावात कोणीही आधी विचारतं, विहीर कोणाकडे आहे? तोच प्रश्न प्रत्येक आकड्याला विचारायचा.

मैदानाचंही तसंच. आमच्या शाळेच्या मैदानाला डाव्या अंगाला भिंत जवळ आहे आणि उजवीकडे थेट पऱ्हाटी सुरू होते. डावीकडचा उंच फटका भिंतीपलीकडे गेला की होम रन, मोठ्या मैदानावर तोच फटका लेफ्ट फील्डरच्या हातात जातो. डेन्व्हरचं कूर्स फील्ड समुद्रसपाटीपासून सुमारे १६०० मीटरवर आहे. हवा विरळ, त्यामुळे बॉल लांब जातो. लॅरी वॉकर तिथे अनेक हंगाम खेळला म्हणून मतदारांनी त्याच्या आकड्यांवर विश्वास ठेवला नाही. २०१४ मध्ये तो १०.२ टक्क्यांवर होता. पण साल आणि मैदानाचा फायदा-तोटा काढून टाकणारं बॅटिंगचं एक माप आहे, ओपीएस प्लस. त्यात १०० म्हणजे त्या काळचा सर्वसाधारण बॅटर. वॉकरचे १४१ होतात. मैदानाचा फायदा वजा करूनही तो सर्वसाधारण बॅटरपेक्षा ४१ टक्क्यांनी वर होता. हे हळूहळू लोकांना पटलं आणि २०२० मध्ये, त्याच्या शेवटच्या वर्षी, ७६.६ टक्के मिळून तो आत गेला. पिचरने दिलेल्या रनसाठी असंच ईआरए प्लस आहे. मोबाईलवर बेसबॉल रेफरन्सच्या पानावर दोन्ही फुकट मिळतात. नेटवर्क असेल तेव्हा कागदावर उतरवून ठेवा.

मग उंची आणि लांबी बघायची. सँडी कूफॅक्सचे विजय फक्त १६५. कोपराच्या दुखण्याने तिशीतच, १९६६ चा हंगाम संपल्यावर थांबला. पण १९६२ ते १९६६ अशी सलग पाच वर्षं नॅशनल लीगमध्ये सगळ्यात कमी रन देणारा पिचर तोच होता. डॉन सटन तेवीस हंगाम खेळला, ३२४ विजय मिळवले, पण एका हंगामात वीस विजय त्याला एकदाच जमले. कूफॅक्स पहिल्या वर्षी निवडून आला, सटन पाचव्या वर्षी. दोघेही आत आहेत आणि दोघांचीही जागा मला पटते, तरी एकच जागा उरली तर मी कूफॅक्सवर खूण करीन. जे जाफे यांनी यासाठी जॉज नावाचं एक माप तयार केलं: खेळाडूने साध्या बदली खेळाडूपेक्षा संघाला किती जास्त विजय मिळवून दिले ते वॉर नावाच्या आकड्यात मोजतात, त्याची पूर्ण कारकिर्दीची बेरीज आणि सर्वोत्तम सात वर्षांची बेरीज यांची सरासरी काढायची, आणि त्याच जागेवर खेळणाऱ्या, आधीच आत असलेल्यांशी ती ताडून पाहायची. मुलींना मी एवढं किचकट देत नाही. सर्वोत्तम सात वर्षांभोवती पेन्सिलने गोल करा म्हणते. तेवढ्यानेच चित्र स्पष्ट होतं.

खेळाडू कुठल्या जागेवर खेळायचा ते विसरू नका. ओझी स्मिथची सरासरी ०.२६२, होम रन अवघे २८. शॉर्टस्टॉपला, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या अवघड जागेवर, त्याच्यासारखी फील्डिंग करणारा कोणी नव्हता, फील्डिंगचे तेरा गोल्ड ग्लव्ह पुरस्कार मिळाले, आणि २००२ मध्ये पहिल्याच वर्षी ९१.७ टक्के.

काही खेळाडूंच्या कागदावर मोकळी जागा सोडावी लागते. जॅकी रॉबिन्सन मेजर लीगमध्ये दहाच हंगाम खेळला, १९४७ ते १९५६. नियमाला जेवढे लागतात नेमके तेवढेच. पहिला सामना खेळला तेव्हा तो २८ वर्षांचा होता, कारण तोवर काळ्या खेळाडूंना दारच बंद होतं. आमच्या भागात हे समजावून सांगावं लागत नाही. विहिरीवर, देवळात कोणाला येऊ दिलं नाही, याच्या गोष्टी मुलींनी आजीकडून ऐकलेल्या असतात. सॅचेल पेज तर मेजर लीगमध्ये आला तोच १९४८ मध्ये, बेचाळिशीत. जॉश गिब्सनला तिथे एकही सामना खेळता आला नाही. टेड विल्यम्स १९६६ मध्ये स्वतःच्या सन्मानाच्या भाषणात या दोघांची नावं घेऊन बोलला, की संधी मिळाली नाही म्हणून जे इथे नाहीत त्यांनाही एक दिवस इथे जागा मिळावी. पेज १९७१ मध्ये आला, गिब्सन १९७२ मध्ये. न खेळलेल्या हंगामांचे खोटे आकडे बसवू नका, पण तो खेळला का नाही याचं कारण मात्र लिहा. वेचणीच्या दिवसांत सरावाला न आलेल्या मुलीच्या हजेरीपुढेही मी कारण लिहिते, नुसता गैरहजर शेरा मारत नाही.

आता चारित्र्य. यावर माझ्या वर्गात भांडणं होतात आणि झालीच पाहिजेत. बॅरी बॉन्ड्सचे होम रन ७६२, मोस्ट व्हॅल्यूएबल प्लेयर सात वेळा. "मॅडम, थो तं सात खेपा पयला आला!" हे मला दरवर्षी ऐकावं लागतं. तरी दहाव्या वर्षी, २०२२ मध्ये, तो ६६ टक्क्यांवर अडकला, कारण उत्तेजक औषधांचा संशय. माझी रेघ अशी आहे: चाचणी आणि शिक्षेचा नियम २००४ पासून पक्का झाला. तो माहीत असताना पकडला गेलेला, बंदी भोगलेला खेळाडू, त्याच्यावर मी खूण करत नाही. ॲलेक्स रॉड्रिगेझ २०१४ चा पूर्ण हंगाम बाहेर होता, माझ्या कागदावर तो नाही. बॉन्ड्सवर मी खूण करत आले. सातातले तीन पुरस्कार त्याने १९९३ पर्यंतच मिळवले होते आणि बंदी त्याला कधी झाली नाही. तुमची रेघ वेगळी असेल तर असू द्या, मात्र ती आधी आखा आणि सगळ्यांना सारखीच लावा. आवडत्या खेळाडूपाशी आल्यावर रेघ सरकवायची नाही.

चारित्र्य फक्त औषधांपुरतं नाही. ओमार विझकेलला अकरा गोल्ड ग्लव्ह, २०२० मध्ये ५२.६ टक्के मतं. घरगुती हिंसाचाराचे आरोप समोर आल्यानंतर २०२२ मध्ये २३.९. त्याने आरोप नाकारले आहेत. मुलींची प्रशिक्षक म्हणून मला असे आरोप बाजूला सारून पुढे जाता येत नाही, म्हणून त्याच्या नावापुढे मी प्रश्नचिन्ह ठेवलं आणि खूण केली नाही. पीट रोझचे हिट ४२५६, सगळ्यांत जास्त. सट्ट्यामुळे १९८९ मध्ये बंदी आली, १९९१ च्या नियमाने मतपत्राचा रस्ताही बंद झाला. स्वतःच्या संघाच्या सामन्यावर पैसे लावणारा माणूस माझ्या कागदावर कधीच येणार नाही, आकडा केवढाही असो.

शेवटी दहा खुणांचा हिशेब. यादी गच्च भरलेली असली तर चांगला माणूसही बाहेर राहतो. क्रेग बिजिओ २०१४ मध्ये फक्त दोन मतांनी हुकला, पुढच्या वर्षी आला. पण सगळ्यांना पुढचं वर्ष मिळत नाही. लू व्हिटेकर आणि ॲलन ट्रॅमेल डेट्रॉइटकडून एकाच दिवशी पहिल्यांदा उतरले आणि जवळपास दोन दशकं सेकंड बेस-शॉर्टस्टॉपची जोडी म्हणून खेळले. व्हिटेकरचा वॉर ७५, आणि २००१ मध्ये त्याला मिळाले २.९ टक्के. पहिल्याच वर्षी नाव उतरलं. म्हणून दहा खुणा भरल्यावर यादी पुन्हा वाचा. ज्याला नक्कीच ७५ टक्के मिळणार आणि जो ५ टक्क्यांच्या काठावर आहे, अशा दोघांत एकच खूण उरली असेल, तर ती काठावरच्याला द्या. जो नक्की जाणार आहे तो तुमच्या एका मतावाचून अडत नाही.

यादीतून उतरलेल्यांसाठी सोळा जणांची वेगळी समिती असते, तिथे बारा मतं लागतात. ट्रॅमेल त्याच वाटेने, २०१७ च्या डिसेंबरमधल्या मतदानात निवडला गेला. म्हणून कागदाच्या तळाशी आणखी एक रकाना आखा आणि उतरलेल्यांची नावं त्यात लिहीत चला. माझ्या रकान्यात पहिलं नाव व्हिटेकरचं आहे.